दवाखाना सरकारनेच चालवावा, गर्भाशय नव्हे

आरोग्यसेवा सरकारने चालवावी की नाही, हा विषय आपल्या शिबिरांत निघाला की खोलीचे दोन भाग होतात. अर्ध्याजणी म्हणतात, "चालवायलाच हवी, नाहीतर गरीब बाईने जायचं कुठे?" उरलेल्या म्हणतात, "सरकार? ज्यांनी आमच्या पोटावर टारगेटं लावली, ते?" मग चहा येतो आणि विषय तिथेच राहतो. अलीकडे या दुसऱ्या बाजूला एक पुस्ती जोडली जाऊ लागली आहे. सरकारने दवाखाने चालवायच्या भानगडीत पडूच नये. पैसे द्यावेत, विम्याचं कार्ड द्यावं, बाई तिला हवं तिथे जाईल. नर्सबाईच्या शिव्या नकोत, केसपेपरची रांग नको, 'बाहेरून आणा' म्हणून हातात ठेवलेली चिठ्ठी नको.

हे ऐकायला गोड वाटतं. आपल्याच मैत्रिणींच्या तोंडून येतं म्हणून जास्तच गोड वाटतं. माझा त्याला साफ विरोध आहे आणि तो का, हे सविस्तर मांडायचं आहे.

ज्यांना दवाखाना हा लॉजिंग-बोर्डिंगसारखाच एक धंदा वाटतो त्यांच्याशी मी इथे वाद घालणार नाही. त्यांची व्यासपीठं मोठी आहेत, माईकही चांगले आहेत. मला बोलायचं आहे ते सरकारवर विश्वास नसलेल्या मैत्रिणींशी. कारण त्यांचा अविश्वास उगाच आलेला नाही. तो अनुभवाने कमावलेला आहे.

कसा कमावला, ते चळवळीत नव्याने आलेल्या मुलींसाठी सांगते. कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा जगातला पहिला देश आपला, साल १९५२. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांवर नसबंदीची ऑपरेशनं झाली, त्यातली साठ लाखांहून अधिक पुरुषांची. आपल्या पुरोगामी महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. १९७७ मध्ये केंद्रातलं सरकार पडलं. पुरुषांना हात लावला तर खुर्ची जाते, हा धडा सगळ्याच पक्षांनी घेतला आणि ऑपरेशनचं टेबल मुकाट्याने बाईकडे सरकवलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. विवाहित बायांपैकी ३७.९ टक्के बायांचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्यांची नसबंदी ०.३ टक्के. कुटुंब नियोजनातलं 'कुटुंब' म्हणजे नेमकं कोण, हे या दोन आकड्यांत कळतं.

मधली वर्षंही आपण विसरलेलो नाही. गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक सगळे 'केस' शोधत फिरायचे. शाळांच्या वर्गांत 'बिनटाक्याची' शिबिरं व्हायची. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या इंजेक्शनची चाचणी घ्यायला बायांना गोळा केलं, आणि हा प्रयोग आहे हे त्यांना धड सांगितलंसुद्धा नव्हतं. १९९६ मध्ये कागदावरची टारगेटं गेली. आणि २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगढमध्ये बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या इस्पितळात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं उरकली. डझनाहून जास्त बाया दगावल्या. अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं.

आणि एवढं सगळं करून बाईचं दुखणं बघितलं कोणी? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. तेव्हा गावोगाव आरोग्य केंद्राच्या भिंतींवर लाल त्रिकोण रंगवलेला होता. बाईच्या कमरेखालच्या भागात सरकारला रस होता, पण फक्त मूल होऊ नये एवढ्यापुरता.

ही सगळी फिर्याद मला मान्य आहे, नव्हे, ती माझीही आहे. तरीही मी म्हणते की दवाखाना सरकारनेच चालवला पाहिजे. कारण वर जे सांगितलं ते आरोग्यसेवा चालवण्याचं चित्र नाही. आरोग्यसेवा न चालवता, तिच्या इमारती, तिच्या नर्सबाया आणि तिच्या गाड्या वापरून लोकसंख्येचा कार्यक्रम चालवण्याचं ते चित्र आहे. या दोन गोष्टींत आपण गल्लत केली की सरकारचं फावतं.

राज्यघटनेत बघा. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हा विषय सुरुवातीपासून राज्यांच्या यादीत आहे. केंद्राला तो नको होता असं नाही, पण त्याची थेट जबाबदारीही नको होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'लोकसंख्या नियंत्रण आणि कुटुंब नियोजन' हा विषय समवर्ती सूचीत घातला, म्हणजे केंद्राच्याही हातात दिला. इस्पितळं राहिली राज्यांकडे. दिल्लीला बाईच्या गर्भाशयापर्यंत हात पोचवायचा होता, तिच्या खोकल्याची जबाबदारी नको होती. त्याच्या तीस वर्षं आधी, १९४६ मध्ये, भोर समितीने अहवाल दिला होता की पैसे नाहीत म्हणून कोणाही माणसाला उपचार नाकारले जाता कामा नयेत. ती समिती इंग्रजांनी नेमलेली होती. स्वतंत्र भारताने तिचा अहवाल डोक्यावर घेतला आणि कपाटात ठेवला. तेव्हा 'सरकारने आरोग्यसेवा चालवून दाखवली आणि ती फसली' असं जे म्हणतात, त्यांना मी विचारते, कधी चालवली? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात शब्द दिला होता की २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या काळातसुद्धा, केंद्र आणि सगळी राज्यं मिळून तो होता १.८४ टक्के. त्याच वर्षी देशात आरोग्यावर खर्च झालेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले ३९ रुपयांहून अधिक लोकांनी स्वतःच्या पदरचे घातले. पदरचे म्हणजे आपल्याकडे कसे येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. आधी शेळी जाते, मग डोरलं.

आता कार्डाकडे येते. बाई हवं तिथे जाईल, म्हणतात. बाई कुठे गेली आणि तिथे काय झालं, हे आपल्याला बीड जिल्ह्याने दाखवलं आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्या जात आहेत, ही गोष्ट २०१९ मध्ये देशभर गाजली. गावच्या बायांना ती आधीपासून माहीत होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झाली ती ८२ हजारांवर ऊसतोड बायांची. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशाचं प्रमाण होतं शंभरात तीन. त्या वयोगटाशी ही तुलना काटेकोर नाही हे मला कळतं, पण सहात एक आणि शंभरात तीन यांतलं अंतर वयोगटाने भरून निघत नाही. बहुतांश ऑपरेशनं खाजगी इस्पितळांत झालेली. कुणी कुणाला बंदूक दाखवली नव्हती. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून बाई गेली. डॉक्टरने सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. बाईनेही हिशेब केला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पाळीच्या दिवसांत एक खाडा पडला तरी मुकादम दंड कापतो. फडावर ना आडोसा, ना पाणी. पिशवी गेली तर पाळीचं लचांडच संपलं. पैसे कुठून आले? मुकादमाच्या उचलीतून, आणि ती फेडायला ऑपरेशन झालेली बाई पुन्हा डोक्यावर मोळी घेऊन.

ही 'निवड'च होती ना? बाई हवं तिथे गेली होती. तिला हवं ते तिने मागितलंही होतं. जवळच्या आरोग्य केंद्रात तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञ असती, पांढऱ्या पाण्यावर चार गोळ्या मिळाल्या असत्या, तर यातल्या किती पिशव्या वाचल्या असत्या? चार गोळ्यांत कुणाला नफा नाही. ऑपरेशनमध्ये आहे. खाजगी डॉक्टर सगळे वाईट असतात असं मी म्हणत नाही, माझ्या ओळखीत फार चांगलेही आहेत. पण ज्या दुकानाचं भाडं ऑपरेशनमधून निघतं, तिथे ऑपरेशन होणारच.

बीडच्या बायांनी निदान पदरचे पैसे दिले. बिहार आणि छत्तीसगढमध्ये हेच सरकारी कार्डावर झालं. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, कुटुंबाला वर्षाला तीस हजारांचं संरक्षण. २०१२ पर्यंत बातम्या येऊ लागल्या की कार्डावरचे पैसे काढायला खाजगी इस्पितळं गरीब बायांच्या पिशव्या काढताहेत. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश २०२३ मध्ये आला. दहा-अकरा वर्षं लागली. त्याच कार्डावर घरटी पाचच माणसांची नावं लागायची, हेही विसरू नका. सात माणसांच्या घरात कुठली दोन नावं गळतात?

बाळंतपणाचं वेगळं काही नाही. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत खाजगी इस्पितळातल्या शंभरातल्या ४७ बाळंतपणांत सिझर झालेलं आहे, सरकारीत १४ मध्ये. (सरकारीतला हा आकडा सगळाच कौतुकाचा नाही. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझर झालंच नाही, असंही त्यात आहे.) बाईचं पोट सरकारी दवाखान्यापेक्षा खाजगीत तिपटीने बिघडतं, असं कुठलं शास्त्र सांगतं?

आताची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ मध्ये आली. कुटुंबाला पाच लाख. आपल्या महात्मा फुले योजनेचीही मर्यादा आता पाच लाख आहे. आकडा मोठा आहे आणि हृदयाच्या, कॅन्सरच्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो. ते मी नाकारत नाही. पण ही कार्डं चालतात ती मुख्यतः भरती झाल्यावर. आपल्या बायांची दुखणी भरती होण्याजोगी असतात का? देशातल्या शंभरातल्या ५७ बायांचं रक्त कमी आहे. कंबर दुखते, अंग बाहेर येतं, पांढरं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री नवऱ्याने मारलेलं सकाळी सुजतं. याला कॉट लागत नाही. याला चालत जाता येईल इतक्या जवळ उघडं दार लागतं, आत बाई डॉक्टर किंवा सिस्टर लागते आणि कपाटात औषध लागतं. पाच लाखांचं कार्ड घेऊन अक्कलकुव्याच्या पाड्यावरची बाई कुठल्या नर्सिंग होममध्ये जाणार? कार्डाने तिथे इस्पितळ उगवत नाही. इस्पितळ जिथे गिऱ्हाईक आहे तिथे उगवतं, आणि तिथे आधीच दहा आहेत. कार्डाच्या कारभाराबद्दल तर बोलायलाच नको. महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले निघाले. नंबर होता सगळे नऊ.

विमा आणि बाई यांचं नातं दुसरीकडेही असंच होतं. इंग्लंडमध्ये १९११ च्या कायद्याने कामगारांना आरोग्यविमा दिला. कामगार म्हणजे कमावता. त्याची बायको आणि मुलं उपचारांसाठी त्या विम्यात नव्हती. १९४८ च्या जुलैत तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, कुणालाही, कुठल्याही कार्डाशिवाय. तेव्हा डॉक्टरांनी काय पाहिलं? अंग बाहेर आलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं घरकाम रेटणाऱ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. आज त्या सेवेपुढेही लांबलचक रांगा आहेत, तिथल्या सरकारांनी तिचेही हाल केले आहेत. पण त्या देशातल्या बायांना ती मोडून विमा द्या असं कुणी सुचवलं तर त्या काय म्हणतील, याचा अंदाज करून बघा.

"पण सरकारला जाब विचारता येतो कुठे?" असं एक मैत्रीण मला म्हणाली. मला उलटं वाटतं. विचारता आला तो तिथेच. नेट-एनच्या विरोधात हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली, अहमदाबादची चिंगारी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कारण चाचणीच्या मागे सरकार होतं. शिबिरांविरुद्धचा २०१६ चा निकाल मिळाला, कारण शिबिरं सरकारी होती. गर्भलिंगनिदानाचं बघा. सरकारी दवाखान्यांत त्यावर १९७० च्या दशकातच एका आदेशाने बंदी आली. धंदा फोफावला तो खाजगीत, आणि तो रोखायला आपल्याला मोर्चे काढावे लागले, १९८८ मध्ये महाराष्ट्राचा कायदा मिळवावा लागला, १९९४ मध्ये देशाचा. इतक्या वर्षांनंतरही एकेका सोनोग्राफी केंद्रामागे धावतो आहोत. माहितीच्या अधिकारात आरोग्य केंद्राचं रजिस्टर मागता येतं. खाजगी नर्सिंग होमचं मागून बघा.

आणि 'दिलासा'? मारहाण झालेल्या बाईला 'पडले' एवढंच लिहून घरी पाठवू नये, तिच्याशी बोलावं, केसपेपरवर खरं लिहावं, पुढची मदत द्यावी, यासाठीचं केंद्र २००० मध्ये कुठे उघडलं? मुंबई महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात. 'सेहत' संस्था आणि पालिका यांनी मिळून. पुढे ते इतर इस्पितळांत गेलं. बड्या खाजगी इस्पितळाच्या लॉबीत फुलदाण्या असतात, ग्रॅनाइट असतो. मार खाऊन आलेल्या बाईसाठी खोली देईल असं इस्पितळ मला तरी भेटलेलं नाही. चळवळीला दारात पाय अडकवता आला तो सरकारी दवाखान्याच्याच.

आता मला हमखास विचारलं जाईल ते नांदेड. २०२३ च्या सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, त्यातली बारा नवजात बाळं. त्याआधी २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली आणि दहा बाळं गेली. "हे तुला हवंय का?" नाही, मला हे नको आहे. पण या बाया तिथे का होत्या, हे तरी विचाराल? नांदेडच्या प्रशासनाने सांगितलं की बरेच रुग्ण अत्यवस्थ होऊन बाहेरून आले होते. या उत्तराने प्रशासन सुटत नाही. औषधं, माणसं, स्वच्छता यांचा हिशेब द्यावाच लागतो. पण त्यातली दुसरी गोष्टही खरी आहे. पैसे संपले की खाजगी इस्पितळ 'सिव्हिलला न्या' म्हणतं, आणि मरण सरकारी रजिस्टरमध्ये लागतं. राज्याची औषधखरेदी वर्षानुवर्षं रखडत राहिली, आधी हाफकिनकडे दिली, मग २०२३ मध्ये नवं प्राधिकरण काढायला कायदा केला. तामिळनाडूने औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ १९९५ मध्ये कामाला लावलं होतं. तेही सरकारच आहे. तेव्हा 'सरकारला जमत नाही' हे वाक्य मी खपवून घेणार नाही. आपल्या सरकारने जमवलं नाही, असं म्हणा, आणि कुणी जमवलं नाही त्याची नावं घ्या.

धर्मादाय इस्पितळांचा आधार सांगणारेही भेटतात. ट्रस्टच्या इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के सवलतीत द्याव्यात, ही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना आहे. त्या खाटा किती वेळा 'भरलेल्या' असतात, ते आपल्यातल्या प्रत्येकीने फोन फिरवून अनुभवलं आहे.

मग कुठल्या सरकारने चालवायचं? 'राष्ट्रीय' म्हणजे दिल्लीने का? इथे मात्र अविश्वास असलेल्या मैत्रिणींच्या बाजूने मी आहे. पैसा दिल्लीने दिला पाहिजे, कारण कराचा मोठा हिस्सा दिल्लीत जातो. कमीत कमी काय मिळालंच पाहिजे याचा कायदा देशाचा असला पाहिजे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला तसा, पण दात असलेला. लसी, औषधांच्या किमती, साथी, हे देशपातळीवरचंच काम आहे, आणि मनात आणलं तर ते होतं. पोलिओचा शेवटचा रुग्ण देशात २०११ च्या जानेवारीत सापडला. पण रोजचा दवाखाना चालवायचा तो राज्याने, जिल्हा परिषदेने, पालिकेने. मुंबईचं केईएम काय दिल्लीने चालवलं आहे? केरळने १९९६ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींकडे सोपवली. २०१८-२० मध्ये लाख जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ होते, आसामात १९५, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. केरळचं श्रेय एकट्या पंचायतींना देणं चूक ठरेल, तिथे मुलींच्या शिक्षणाची जुनी पुण्याई आहे. पण दवाखाना कोणाचा हे गावाला माहीत असलं की फरक पडतो. आपल्याकडेही २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकांनी देखरेख ठेवायचं काम झालं, जनसुनवाया झाल्या. बायांनी भर मांडवात उठून डॉक्टरला विचारलं, तुम्ही गुरुवारी कुठे होतात? हा प्रश्न विम्याच्या टोल-फ्री नंबरवर विचारता येत नाही.

सरकारने चालवावं म्हणताना आपल्या अटी मात्र ठणकावून सांगायला हव्यात. गर्भपाताला आलेल्या सज्ञान बाईकडे नवऱ्याची सही मागायची नाही. १९७१ च्या कायद्यात ती कधीच लागत नव्हती, तरी मागतात. 'आधी तांबी बसव, मग मोकळं करतो' हा सौदा बंद. २०१७ पासून 'अंतरा' नावाने जे इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत देतात, त्याच्या परिणामांची माहिती सुईच्या आधी, नंतर नव्हे. आणि मातृवंदनेचे पाच हजार पहिल्या बाळंतपणाला, दुसऱ्याला मुलगी झाली तरच, ही अट कोणाच्या डोक्यातून आली? अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार लिहिले आहेत. दवाखान्याच्या आडून पाळणे मोजायची ही जुनीच खोड आहे.

सगळ्यात मोठी अट आशाताईंची. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यांना नेमलं, आणि नेमताना नाव दिलं 'स्वयंसेविका'. देशात आज त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८९ टक्क्यांपर्यंत पोचलं, ते त्यांच्या पायांवर. कोविडात दारोदार त्याच फिरल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, पंतप्रधानांनी अभिनंदन केलं. पगार मात्र नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला. सरकार आरोग्यसेवा चालवतं म्हणतं, ती मुख्यतः या बायांच्या फुकट किंवा अर्ध्या दामाच्या श्रमावर चालवतं, आणि घरात जसं बाईचं काम 'काम' धरत नाहीत तसंच इथेही धरत नाही. सरकारने चालवावं याचा माझ्या लेखी पहिला अर्थ असा, की आशाताईला सरकारी कर्मचारी म्हणून नेमावं, वेतनश्रेणी द्यावी, रजा द्यावी, पेन्शन द्यावं.

२०२४ च्या सुरुवातीला राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या. जाहीर केलेल्या वाढीचा शासन निर्णय निघत नव्हता म्हणून आठवड्यांमागून आठवडे त्या आझाद मैदानात बसून होत्या. कामगार संघटनांचे लाल झेंडे तिथे होते. स्त्रियांच्या संघटनांची बॅनरं किती होती, हे पुढच्या राज्य बैठकीत आपण एकमेकींना विचारू या. विषयपत्रिकेवर मी तो विषय टाकायला सांगितला आहे, चहाच्या आधी.